उपरण्याखालचा भाव

परवा बँकेचा माणूस आमचं घर बघून गेला. नातवाला धंद्यासाठी कर्ज हवं आहे, त्यासाठी घराची किंमत काढायची होती. घर म्हणजे आता दोन खोल्या आणि एक बाल्कनी. नालबंद गल्लीतली आमची जुनी माडी पाडून तिथं चार मजली अपार्टमेंट उठलं, त्यातला हा तुकडा आमच्या वाट्याला आला. त्या माणसानं फीत लावून भिंती मोजल्या, एस.टी. स्टँड किती लांब ते विचारलं, नळाला पाणी कधी येतं ते विचारलं आणि चहा न घेता तो निघाला.

मी त्याला दारात थांबवून म्हटलं, "शेजारी कोण राहतं ते विचारलं नाहीत."

"आजोबा, फॉर्मात तसा रकाना नसतो," तो म्हणाला आणि जिना उतरला.

त्या रात्री मला गुरलिंगअप्पांची फार आठवण आली. खरं तर ती रोजच येते, मीच तिला दारातून परत पाठवत असतो.

आमच्या उस्मानाबादेत आता गुरलिंगअप्पांचं नाव ठाऊक असलेली म्हातारी माणसं थोडीच उरलीत. ती सगळी त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगतात, की अप्पा उपरण्याखाली पैसे खायचे. हे खोटं आहे. ते कुठून निघालं हे सांगणारा आता माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून लिहायला बसलोय.

अप्पा मूळचे बैलबाजारातले हेडी, म्हणजे बैलांचे दलाल. अणदूरकडचे लिंगायत. बुटके, मान जाड, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि खांद्यावर एवढं मोठं उपरणं की लांबून आधी उपरणं दिसायचं, मग अप्पा. बैलाचा भाव बाजारात तोंडानं बोलत नाहीत. दलाल आपला हात उपरण्याखाली धरतो, समोरचा त्यात हात घालतो आणि बोटं दाबून भाव ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. एकदा येडशीच्या एका खोंडानं अप्पांच्या गुडघ्यावर लाथ मारली, तेव्हा त्यांनी बाजार सोडला आणि घरांचे भाव काढायला लागले. "घर लाथ मारत न्हाय," ते म्हणायचे. पुढं एकदा पाहणी करताना एका सावकाराच्या कुजक्या जिन्यातून ते कमरेपर्यंत खाली गेले, तेव्हापासून हे वाक्य त्यांनी बंद केलं.

धंदा बदलला, पण भाषा तीच राहिली. नव्या घरात शिरले की आधी चौकटीत बोटं घालून बघायचे. त्याला ते "दात बघणं" म्हणायचे. भिंतीवर थाप मारून कान लावायचे. माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला, ओल असली तर "पाठीला चट्टा हाय". खर्चीक घर असेल तर "खातंय लई, वढत न्हाय". मुन्सफाच्या नव्या बंगल्याला त्यांनी एकदा "शिंगं चांगली हायत" एवढाच शेरा दिला. मुन्सफसाहेबांना वाटलं स्तुती आहे. त्यांनी ती हैदराबादेला पत्रानं कळवली म्हणे.

अप्पांचा एक नियम होता. जनावर असो की घर, पाहून झालं की मागं वळून बघायचं नाही. वळून बघितलं की धन्याला कळतं, याचं मन बसलंय, आणि भाव एक बोट चढतो. त्यामुळे घर पाहून निघालेले अप्पा हाका मारल्या तरी वळत नसत. चपला विसरले तर तसेच अनवाणी घरी जात आणि मग चपला आणायला कोणाला तरी पाठवत.

पण अप्पांची खरी पाहणी घराच्या बाहेर चालायची. दात, पाठ, शिंगं बघून झाली की ते पिशवीतून एक पितळी वाटी काढायचे. तिच्यावर पळसाचं पान झाकलेलं असायचं. ती घेऊन शेजारच्या दारांत जायचे आणि विरजण मागायचे. "घरचं दूध तापलंय, इरजान न्हाय, चमचाभर द्या." अनोळखी माणसाला चमचाभर विरजण कोण कसं देतं, यावर निम्मा भाव ठरायचा. देताना हात आखडला, आतून कोणी खेकसलं, देऊन वर उपकाराचं बोललं, की बोट कमी. मुसलमानाच्या घरचं विरजण त्या काळी अप्पांना चालत नसे, म्हणून तिथं ते माळवदावर चढायला शिडी मागायचे. "शिडीला इटाळ नसतो," हा त्यांचा शास्त्रार्थ.

गोळा झालेलं विरजण ते टाकून देत नसत. घरी नेऊन निरनिराळ्या सुगडांत लावत. त्यांची बायको बसव्वा कानडी मुलखातली. तिच्या चुलीमागं कायम सुगडांची रांग. सकाळी दही, दुपारी ताक, रात्री दहीभात. अप्पा दिवेलागणीला वाटी घेऊन आले की ती दारातच हात जोडायची, "साकु री, साकु." पुरे करा, पुरे. उपरणं धुवायला मात्र ती सोमवारची वाट बघायची, आणि ते वाळेपर्यंत अप्पा घराबाहेर पडत नसत. उपरण्याशिवाय भाव विचारला तर म्हणत, "उघडा बोलला तो भाव न्हाय, दवंडी हाय."

विकणारा आणि घेणारा असे दोघेही अप्पांना बोलवायचे. भाव दोघांना बोटांनी कळायचा आणि दोघेही तो मानायचे. मेहनताना म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक नारळ. दुसरं काही त्यांनी कधी घेतलं नाही. हे मी पुन्हा लिहितो, कारण त्यासाठीच हे सगळं लिहितोय. दुसरं काही त्यांनी कधी घेतलं नाही.

वाटीची गोष्ट गावभर झाल्यावर लोक शहाणे होणारच. पेठेतल्या एका सोनारानं घर विकायला काढलं, तेव्हा त्यानं आधी सगळ्या शेजाऱ्यांना जेवण घातलं. अप्पा वाटी घेऊन निघाले तर प्रत्येक दारात बाई हसत उभी. कोणी वाटी काठोकाठ भरून दिली, कोणी वर साखर घातली, एकीनं बसायला पाट मांडला. सोनार खूश. संध्याकाळी अप्पांनी उपरण्याखाली हात धरला आणि सोनाराचं तोंड पडलं.

"अप्पा, एवढा चांगला शेजार!"

"इरजान मागितलं, दही दिलं," अप्पा म्हणाले. "ज्याला शेजाऱ्याचं दही लागावं वाटतंय त्यो चमचाभर देतो. वाटीभर देणाऱ्याला घर खपवायचंय."

आता माझी गोष्ट. ती जेवढ्यास तेवढी सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी तेव्हा कचेरीत नक्कलनवीस होतो. दिवसभर उर्दू कागदांच्या नकला करायच्या आणि रात्री एका आडत दुकानाच्या मागं पोत्यांमध्ये झोपायचं. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण बायको बेंबळीला माहेरी. सासरे शेतकरी गडी, खाऊनपिऊन सुखी आणि शब्दाचे पक्के. त्यांनी लग्नातच सांगितलं होतं, "जावई, पायाखाली स्वतःची जमीन दाखवा, पोरगी धाडतो. पोत्यावर न्हाय निजायची माझी गोदी." मी सणासुदीला बेंबळीला जायचो, तेव्हा गोदावरी मला दारातून तांब्याभर पाणी द्यायची आणि आत जायची. एवढाच आमचा संसार.

त्याच वेळी नालबंद गल्लीतले मुन्शीसाहेब आपली माडी विकायला निघाले. कचेरीतून निवृत्त होऊन ते गुलबर्ग्याला मुलीकडं जाणार होते. खाली काशिनाथ शिंप्याचं दुकान, मागं त्याच्याच मालकीच्या खोल्या, आणि वर ही दोन खणांची माडी. मी साठवलेले पैसे आणि माडीचा भाव यांची गाठ पडेल अशी काही आशा नव्हती. शेजार मारका निघून अप्पांनी भाव पाडला असता तरच जमणार होतं.

पण नालबंद गल्लीचा शेजार चांगला होता, हीच अडचण.

तेव्हा मी गल्लीला पटवायला गेलो. समोर रुक्माकाकू राहायच्या. विधवा बाई, फुटाणे भाजून विकायच्या, दारात एक म्हैस, आवाज म्हशीपेक्षा मोठा. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फुटाण्यांतला झारा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजी आमी वंगाळ वागायचं. एवढंच ना? मग त्यात काय. बायकू यायला पायजे बाबा तुजी." हुसेनभाई नालबंद बैलांना नाल ठोकायचा. तो हसून म्हणाला, "अप्पा आए तो सिडी नक्को बोलना. हो गया." काशिनाथ शिंपी मात्र घाबरला. तो इतका मऊ माणूस होता की गिऱ्हाइकानं कापड आखूड आणलं तर आपलीच चूक समजून माफी मागायचा. मी त्याला म्हटलं, नुसतं हाकलून द्या. तो रात्रभर जागला असं त्याच्या बायकोनं पुढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा आले. माडी बघितली, दात बघितले, पाठ बघितली. मुन्शीसाहेब ओट्यावर बसले होते, मी खांबाला टेकून उभा होतो. मग अप्पांनी वाटी काढली.

पहिलं दार रुक्माकाकूंचं. त्या कमरेवर हात ठेवून तयारच होत्या. अप्पांनी विरजण मागितलं.

"इरजान न्हाय. आमच्यात दूधच येत न्हाय," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात दारातली म्हैस हंबरली. अप्पांनी म्हशीकडं बघितलं. काकूंनीही बघितलं.

"ती आमची न्हाय," काकू म्हणाल्या.

अप्पा हुसेनभाईकडं वळले. हुसेनभाई त्या वेळी माळवदाची कड सारवत होता, आणि ती सारवायला तो शिडीवरच उभा होता. अप्पांनी खालून शिडी मागितली. "सिडी तुट गई, अप्पा," हुसेनभाई शिडीवरून म्हणाला. "कल तुटी." मग आपण कुठं उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं, पण आता उतरावं की नाही ते त्याला कळेना, आणि तो तिथंच थापी धरून उभा राहिला.

राहिला काशिनाथ. अप्पा त्याच्या दुकानासमोर उभे राहिले, तेव्हा तो मशीनवरून उठला, टोपी नीट केली आणि हात जोडून म्हणाला, "अप्पा, जावा की ओ हितनं. मेहेरबानी करा. उन्हाचं आलाय, पाणी पिऊन जावा."

एवढ्यानं भागणार नाही असं रुक्माकाकूंना वाटलं असावं. त्यांनी आपल्या मनानं भांडण काढलं. हुसेनभाईच्या कोंबड्या आमच्या ज्वारीत शिरतात म्हणून त्या गल्ली दणाणून ओरडायला लागल्या. हुसेनभाईकडं कोंबड्या नव्हत्या. तो शिडीवरून गोंधळून "कौनसी मुर्गी, काकू?" असं विचारत राहिला, आणि काकू मधेच थांबून दबक्या आवाजात, म्हणजे पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या, म्हणाल्या, "आरं भांड की."

अप्पा गल्लीच्या मध्यावर डोळे मिटून उभे होते. सगळं ऐकून झाल्यावर ते ओट्यावर आले, उपरणं हातावर पसरलं आणि आधी मुन्शीसाहेबांचा हात आत घेतला. मुन्शीसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "अप्पा बोले सो कबूल," ते पुटपुटले. मग माझा हात. अप्पांच्या जाड बोटांनी माझी बोटं दाबायला सुरुवात केली. मी वाट बघत होतो की आता थांबतील. ते थांबेनात. त्या गल्लीत तेवढा भाव कधी कोणाला मिळाला नव्हता. मला वाटलं चूक झाली. मी हात सोडेना, तेव्हा त्यांनी पुन्हा सगळी बोटं तशीच दाबली, या वेळी जास्त जोरात.

नारळ पिशवीत टाकून अप्पा निघाले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्या मागं धावलो.

"अप्पा, शेजार तर सगळा मारका निघाला. मग एवढा भाव कसा?"

ते थांबले. "लेका, म्हस दारात हंबरतीय आन् बाई म्हणतीय दूध न्हाय. गडी शिडीवर हुबा राहून म्हणतोय शिडी मोडली. त्यो शिंपी तर शिव्या देताना पाणी इचारतोय. पुरी गल्ली तुज्या एकट्याच्या संसारापायी खोटं बोलली. अशी मान्सं शेजारी मिळायची असली तर घर सस्तं कसं मिळंल रे?"

आणि त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. मागं वळून गल्लीकडं नीट बघितलं. मग हसले आणि गेले.

आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. त्या संध्याकाळी मी चौकातल्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो, आणि कोणीतरी विचारलं, काय झालं माडीचं. मी म्हटलं, "उपरण्याखाली काय चालतं ते कुणाला दिसतं?"

एवढंच वाक्य. त्याच्या पुढं मी काही बोललो नाही, आणि बोलायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुन्शीनं अप्पांना काय दिलं याच्या तीन निरनिराळ्या हकिकती मलाच ऐकवण्यात आल्या.

आठवड्यानं सासरे बाजाराला आले. मी पडलेल्या तोंडानं सांगितलं की माडी हाताबाहेर गेली, अप्पांनी असा असा भाव दिला. सासरे उठून उभे राहिले. "कुनी? गुरलिंगअप्पानं? माझी पांढरी जोडी त्येच्याच हातची. बारा वर्सं झाली, अजून जुवाखाली मान टाकली न्हाय." तो भाव ऐकून त्यांना घर परवडत नाही असं वाटलंच नाही. जावई एवढ्या भावाच्या घरात राहणार याचीच धुंदी चढली. कमी पडत होतं ते त्यांनी ज्वारी विकून भरलं, आणि बेंबळीत घरोघर जाऊन भाव सांगून आले. पुढच्या पंधरवड्यात गोदावरी गाडीतून उतरली. रुक्माकाकूंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याच संध्याकाळी, न मागता, चमचाभर विरजण आणून दिलं.

म्हणजे अप्पांनी भाव पाडला असता तर सासऱ्यांनी ती जागा "फुकाची" म्हणून नाकारलीही असती. त्या भावानंच माझा संसार उभा राहिला. हे मला गोदावरी आली त्याच दिवशी कळलं होतं.

पण गावातलं माझं वाक्य तोवर मोठं झालं होतं. अप्पांना बोलवणारे कमी झाले. जे बोलवत ते म्हणत, "अप्पा, उपरणं काढा, मग भाव बोला." अप्पा उपरणं सारखं करून उठून जात. हळूहळू ते घरीच बसू लागले. एकदा बाजारात बसव्वा दिसली. मी उगाच विचारलं, अप्पा बरे आहेत ना. ती म्हणाली, "आता घरी एकच दही असतंय." मला वाटलं होतं ती सुटली म्हणून खूश असेल.

मी चौकात उभा राहून खरं सांगू शकलो असतो. पण मग गल्लीला खोटं बोलायला मीच लावलं हेही सांगावं लागलं असतं, आणि बेंबळीत सासऱ्यांचं हसं झालं असतं. अशी कारणं माझ्याकडं पुष्कळ होती. अप्पांकडंही सांगण्यासारखं होतं. त्यांनी ती म्हैस, ती शिडी, माझं नाव, यातलं अक्षरही कुठं काढलं नाही. गल्ली खोटारडी ठरली असती तर तिचा भाव गेला असता, आणि अप्पा दिलेला भाव मोडणारे नव्हते.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस आले. गावात धास्ती होती, रझाकार फिरत होते, पुष्कळ लोक सोलापूरकडं निघाले. काशिनाथ शिंप्यानंही दुकान आणि खोल्या विकायचं ठरवलं. भाव काढायला कोणाला बोलवायचं, असं लोकांनी विचारलं, तेव्हा तो मऊ माणूस पहिल्यांदाच ठामपणे म्हणाला, "अप्पाच पायजेत. उपरण्यासकट."

अप्पा आले. वाकले होते. काशिनाथाचं घर बघितलं, दात बघितले. मग आमच्या जिन्यावर त्यांची पावलं वाजली. मी आत बसलो होतो. दार लोटलेलं होतं. गोदावरीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चुलीवर दूध होतं, फडताळात विरजण होतं. बाहेरून आवाज आला, "माय, चमचाभर इरजान द्या."

ते आत आले असते, तर मला उठून त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. मी गोदावरीला हळूच म्हटलं, "नाही म्हण."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग दाराशी जाऊन म्हणाली, "न्हाय."

"घरात न्हाय का, माय?"

गोदावरीला खोटं बोलता येत नसे. "हाय," ती म्हणाली. "ते न्हाय म्हणत्यात."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि पावलं उतरली.

संध्याकाळी काशिनाथ वर आला. भाव चांगला दिला म्हणाला, फक्त गल्लीच्या पूर्वीच्या भावापेक्षा एक बोट कमी. का, म्हणून त्यानं विचारलं होतं. अप्पा म्हणाले होते, "गल्ली तीच हाय. एक घर बदललंय." ते कोणतं घर हे काशिनाथाला कळलं नव्हतं. तो मलाच विचारत होता.

त्या दुपारी मी खिडकीतून अप्पांना जाताना पाहिलं होतं. रुक्माकाकूंनी वाटीत चमचाभर विरजण घातलं, त्यांनी पळसाचं पान झाकलं, वाटी उपरण्याच्या टोकात धरली आणि ते सावकाश चालू लागले. गल्लीच्या तोंडाशी, मागं एकदा जिथं ते थांबले होते तिथं आले, तेव्हा मी खिडकीचे गज घट्ट धरले. वाटलं, आता वळतील.

अप्पा वळले नाहीत.